हंगाम ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

१९६१ सालच्या मे महिन्यात अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो या गावी एक विलक्षण सत्याग्रह झाला. त्यात मिरवणूक नव्हती, घोषणा नव्हत्या, झेंडेही नव्हते. गावातील १३८ इनुपियाट शिकारी हाती एकेक आयडर बदक घेऊन अमेरिकेच्या संघसरकारच्या वन्यजीव-रक्षकांपुढे जाऊन उभे राहिले. हे बदक बंद हंगामात मारलेले आहे, तेव्हा कायद्याप्रमाणे अटक व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. काही दिवसांपूर्वी जॉन नुसुंगिन्या या अलास्का विधिमंडळाच्या इनुपियाट सदस्याला याच अपराधासाठी पकडण्यात आले होते. एकाचा गुन्हा तो सर्वांचा गुन्हा, हे गावाने दिलेले उत्तर होते. अपराध्यांची ही रांग पाहून रक्षक गोंधळले. इतक्या माणसांना ठेवायचे कोठे आणि त्यांच्यावर खटले चालवायचे कसे, याचे उत्तर त्यांच्या नियमपुस्तकात नव्हते. अखेर आरोप मागे घेण्यात आले.

वरवर पाहता हा प्रसंग किरकोळ वाटेल. पृथ्वीच्या एका निर्जन टोकाला काही बदके मारली गेली, काही माणसे पकडली गेली आणि सुटली, यात मुंबई-महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्याने लक्ष घालण्याजोगे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील. वस्तुतः या प्रसंगात लोकशाहीतील एक मूलभूत प्रश्न सामावलेला आहे. निसर्गाच्या रक्षणासाठी राज्यसंस्थेने निर्बंध घातलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण तो निर्बंध कोणाला विचारून घालायचा? शिकारीचा हंगाम कोणत्या तारखेला उघडावा आणि कोणत्या तारखेला मिटावा, हे ठरविणाऱ्या मेजाभोवती कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला दाराबाहेर उभे केले जाते?

बंधने घालणारा हा कायदा मुळात वाईट हेतूने झाला नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जे घडले, ते मोकाट बाजारपेठ सजीव सृष्टीचे काय करू शकते याचे जगातील एक अत्यंत विदारक उदाहरण आहे. पॅसेंजर पिजन या रानकबुतरांचे थवे तेथे अब्जावधींच्या संख्येने होते. ते उडू लागले की तासन्‌तास आभाळ झाकोळून जाई. मग तारायंत्र आले, आगगाडी आली. थवा कोठे उतरला याची वार्ता तारेने पोचू लागली, धंदेवाईक शिकारी आगगाडीने तेथे जाऊ लागले आणि पिंपांत भरलेली कबुतरे शहरांच्या बाजारात येऊ लागली. पोट भरण्यासाठी मारणारा माणूस पोट भरले की थांबतो. नफ्यासाठी मारणाऱ्याला थांबण्याचे कारणच नसते. त्या अब्जावधींपैकी शेवटचे कबुतर, मार्था नावाची एक मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात मेली. एका मानवी आयुष्याच्या अवधीत एक संपूर्ण जात नाहीशी झाली होती. श्रीमंत स्त्रियांच्या टोप्यांवर तुरे मिरवावेत म्हणून बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती याच काळात उजाड झाल्या.

या लुटीला आळा कोण घालणार? घटकराज्ये आपापल्या हद्दीतील पक्षी आपली मालमत्ता समजत होती. पक्षी मात्र हद्द जाणत नाही. एका राज्याने वाचविलेले बदक शेजारच्या राज्यात बंदुकीला बळी पडे. १९१३ साली संघसरकारने केलेला कायदा राज्यांच्या अधिकारावरील अतिक्रमण ठरवून खालच्या न्यायालयांनी बाजूला सारला. तेव्हा सरकारने दुसरी वाट काढली. १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी तह करण्यात आला आणि त्या तहाच्या अंमलबजावणीसाठी १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांविषयीचा कायदा संमत झाला. मिसूरी राज्याने त्यालाही आव्हान दिले. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी संघसरकारचा पक्ष उचलून धरला. न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालाचे सार असे की, आज इथे आणि आठवड्यानंतर हजार मैलांवर असणाऱ्या पाखरावर एखाद्या राज्याने मालकी सांगण्यात अर्थ नाही. हे हित राष्ट्राचे आहे आणि अन्य राष्ट्रांच्या सहकार्यावाचून ते सांभाळता येणार नाही.

समाजवादी विचाराला हा निकाल परका नाही. जे कोणा एकाचे नाही ते सर्वांचे आहे आणि जे सर्वांचे आहे त्याची राखण सर्वांच्या वतीने व्हावी, हेच तत्त्व त्यात आहे. या कायद्याची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. शिकार मुळात बंद. सरकारने दरवर्षी नियम करून ती मर्यादित काळासाठी उघडायची. कोणत्याही जातीसाठी हंगाम साडेतीन महिन्यांहून, म्हणजे १०७ दिवसांहून, मोठा असू नये. एका माणसाने एका दिवसात किती पक्षी मारावेत याचीही मर्यादा ठरलेली. १९३४ सालापासून पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्याला परवान्यासोबत एक विशेष तिकीट घ्यावे लागते. आरंभी त्याची किंमत एक डॉलर होती आणि पहिल्या तिकिटाचे चित्र डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने काढले होते. त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या गेल्या. पुढे स्थलांतराच्या वाटा पाहून देशाचे चार आकाशमार्ग मानण्यात आले. १९५५ सालापासून विमानांतून नियमित गणती होऊ लागली आणि विणीच्या प्रदेशात पाखरे किती व पाणी किती हे पाहून पुढचा हंगाम ठरू लागला. बाजारासाठी होणारी कत्तल थांबली. सरकारी नियंत्रण म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा. बाजारावर सोडलेले कबुतर संपले. नियंत्रणाखाली आलेले बदक टिकले.

परंतु याच कायद्याच्या पोटात एक अन्याय दडलेला होता. १९१६ च्या तहाने १० मार्च ते १ सप्टेंबर हा काळ शिकारीसाठी पूर्णपणे बंद ठरविला. मिसूरीच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या शिकाऱ्याला यात काहीच अडचण नव्हती. बदके उत्तरेकडून त्याच्या तळ्यावर उतरतात ती शरदात, आणि नेमका तेव्हाच त्याचा हंगाम उघडा. बॅरो गाव मात्र ७१ उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. तेथे पाखरे येतात ती मे महिन्यात, बर्फ फुटू लागल्यावर. आणि पाणी पुन्हा गोठण्याआधी ती दक्षिणेची वाट धरतात. म्हणजे बदके जेव्हा गावावरून उडत तेव्हा शिकार गुन्हा, आणि शिकार जेव्हा कायदेशीर होई तेव्हा आभाळ रिकामे. कायद्याने इनुपियाट माणसाला शिकार करण्याचा अधिकार नाकारला नव्हता. फक्त तो अधिकार पाखरे नसतानाच्या दिवसांत वापरण्याची मुभा दिली होती!

दीर्घ हिवाळ्यानंतर वसंतात हाती येणारे ताजे मांस ही त्या प्रदेशात चैन नसते. तेथे शेती नाही, धान्य नाही. तह करणाऱ्यांना या लोकांचे अस्तित्व ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही, कारण तहातच ‘एस्किमो’ आणि ‘इंडियन’ यांचा उल्लेख आहे. त्यांना अन्नासाठी व कातड्यासाठी वर्षभर काही समुद्रपक्षी मारण्याची सवलत देण्यात आली होती. पण ज्यांवर त्यांचे पोट अधिक अवलंबून होते ती बहुतेक बदके आणि रानहंस त्या यादीत नव्हते. यादी करताना यादीतल्या माणसांना कोणी विचारलेच नव्हते. गोऱ्या शिकाऱ्याचा शनिवार-रविवारचा विरंगुळा कायद्याच्या चौकटीत आपोआप बसला. मूळ रहिवाशाचे जेवण चौकटीबाहेर राहिले. बुद्धिपुरस्सर केलेल्या अन्यायापेक्षा असा दुर्लक्षातून उपजलेला अन्याय अनेकदा अधिक चिवट असतो, कारण त्याला कोणी अन्याय म्हणूनच ओळखत नाही.

हंगाम पाळणे ही कल्पना सरकारांनी लोकांना शिकविली, हाही एक भ्रमच आहे. कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावाचून होडी पाण्यात घालीत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या विणीचाही तो काळ असतो, हे ज्ञान त्या रिवाजात साठविलेले आहे. जगभरच्या शिकारी आणि मासेमार समाजांजवळ असे स्वतःचे पंचांग असते. दूरच्या राजधानीत बसून नवे पंचांग छापणाऱ्याने जुने एकदा तरी उघडून पाहावे, एवढीच अपेक्षा असते.

चाळीस वर्षे हा कायदा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात जवळजवळ कागदावरच राहिला. १९५९ साली अलास्का हे ४९ वे राज्य झाले आणि त्यानंतर कायद्याचा हात तेथपर्यंत पोचू लागला. त्याच वर्षांत तेथे दुसरी एक सरकारी योजना चालू होती. पॉइंट होप या गावापासून जवळ, केप थॉम्सन येथे, अणुस्फोट घडवून बंदर खोदण्याची ही योजना अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९५८ साली मांडली होती आणि हायड्रोजन बॉम्बचे शिल्पकार एडवर्ड टेलर तिचे पुरस्कर्ते होते. एका हाताने बदकामागे दंड ठोठावणारे सरकार दुसऱ्या हाताने त्याच किनाऱ्यावर अणुबॉम्ब उडविण्याची तयारी करीत होते. पाखरांविषयीची ही कळकळ कितपत खरी, असा प्रश्न गावकऱ्यांना पडला असेल तर त्यात नवल नाही. बदकांचा सत्याग्रह आणि अणुस्फोटाचा विरोध यांतून १९६१ च्या नोव्हेंबरात बॅरो येथे गावोगावच्या प्रतिनिधींची परिषद भरली. पुढच्याच वर्षी ‘टुंड्रा टाइम्स’ हे मूळ रहिवाशांचे वृत्तपत्र निघाले आणि पॉइंट होपचेच चित्रकार हॉवर्ड रॉक त्याचे संपादक झाले. अणुबंदराची योजना १९६२ साली गुंडाळावी लागली. हातात एकेक बदक घेऊन उभी राहिलेली माणसे एका जागृतीची पहिली तुकडी ठरली.

शेजारच्या कॅनडातील अनुभव अधिक कडवट होता. १९६२ च्या मे महिन्यात यलोनाइफजवळ मायकेल सिकिया या माणसाने बंद हंगामात एक बदक मारले. तो क्षयाच्या उपचारानंतर नुकताच परतलेला होता आणि बदक खाण्यासाठी मारले होते. १९२१ सालच्या अकराव्या करारात त्याच्या लोकांना शिकारीचा हक्क राहील, असे राजाच्या नावाने वचन दिले गेले होते. प्रादेशिक न्यायालयाचे न्यायाधीश सिसन्स यांनी त्या वचनाची बूज राखून त्याला निर्दोष सोडले. पण सरकारने वरच्या न्यायालयाचा दरवाजा ठोठावला आणि १९६४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. एका बदकासाठी सरकारने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे आणि स्वतः दिलेले वचन मोडल्याची खंत मात्र बाळगू नये, यातच राज्यसंस्थेची दृष्टी उघडी पडते.

येथवरचा इतिहास वाचून शासन नेहमी चूक आणि लोक नेहमी बरोबर, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. ऐंशीच्या दशकात अलास्कातील युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात एक संकट उभे राहिले. तेथे विणीसाठी येणाऱ्या कॅकलिंग जातीच्या लहान रानहंसांची संख्या साठच्या दशकात साडेतीन लाखांहून अधिक होती. १९८४ च्या सुमारास ती तीस हजारांच्याही खाली उतरली. इतर काही जातींचीही अवस्था चिंताजनक झाली. हे हंस हिवाळ्यात कॅलिफोर्नियात जात. तेथील हौशी शिकारी म्हणत की, युपिक लोक वसंतात विणीचे पक्षी मारतात आणि अंडी गोळा करतात म्हणून हंस घटले. युपिक लोक म्हणत की, कॅलिफोर्नियात बंदुका फार झाल्या आणि तेथील पाणथळ जमिनी शेतीखाली गेल्या. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. गरिबाची गोळी आणि श्रीमंताची गोळी लागल्यावर हंस सारखाच मरतो.

या पेचातून वाट निघाली ती धाडी घालून नव्हे, तर एकत्र बसून. १९८४ साली हूपर बे या गावाच्या नावाने ओळखला जाणारा करार झाला आणि पुढील वर्षी त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. युपिक गावांच्या परिषदांची संघटना, अलास्का व कॅलिफोर्निया यांची वन्यजीव खाती आणि संघसरकार यांनी त्यावर सह्या केल्या. विणीच्या काळात हंस मारायचे नाहीत, अंडी काढायची नाहीत, हे गावांनी कबूल केले. दक्षिणेच्या शिकाऱ्यांवरही तितकाच कडक निर्बंध आला. हे निर्बंध पाळले गेले, कारण ते पाळणाऱ्यांनीच मान्य केले होते. पुढील काळात कॅकलिंग हंस पुन्हा लाखांच्या संख्येत दिसू लागले.

तथापि कागदी कायद्याला हे शहाणपण मानवेना. हौशी शिकाऱ्यांच्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि १९८७ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की, १९१६ च्या तहात बंद असलेल्या काळात शिकारीला मोकळीक देणारा कोणताही करार कायद्याशी विसंगत आहे. हंस वाचविणारा समझोता बेकायदेशीर आणि हंस वाचवू न शकलेला कायदा पवित्र, असा हा विपर्यास होता. न्यायालयाचा तरी काय दोष? त्याच्यापुढे शब्द होते आणि ते शब्द सत्तर वर्षांपूर्वी परक्यांनी लिहिलेले होते. बदलायला हवे होते ते शब्दच.

ते बदलण्यासाठी आणखी दशक गेले. कॅनडा आणि मेक्सिको यांच्याशी झालेल्या तहांना दुरुस्त्या जोडण्यात आल्या, १९९७ साली अमेरिकन सिनेटने त्यांना संमती दिली आणि अलास्कातील मूळ रहिवाशांची वसंतातील व उन्हाळ्यातील शिकार प्रथमच कायद्यात बसली. २००० साली स्थापन झालेल्या सह-व्यवस्थापन परिषदेत मूळ रहिवासी, अलास्का राज्य आणि संघसरकार यांना प्रत्येकी एक मत आहे. २००३ साली पहिला कायदेशीर वसंत हंगाम उघडला. त्याची मुदत २ एप्रिल ते ३१ ऑगस्ट अशी असून विणीच्या काळात किमान तीस दिवस शिकार बंद ठेवावी लागते. संकटग्रस्त ठरलेल्या दोन जातींच्या आयडर बदकांना हात लावता येत नाही. एम्परर जातीच्या हंसांची शिकार १९८७ साली बंद झाली होती. त्यांची संख्या सावरल्यावर ती २०१७ साली, तीस वर्षांनी, पुन्हा उघडण्यात आली. हक्क मिळाले म्हणून संयम सुटला नाही. उलट, हक्काबरोबर जबाबदारी आली. १९६१ मध्ये जो गुन्हा होता तो ४२ वर्षांनी नियम झाला. बॅरो गावानेही २०१६ साली मतदान करून उत्किआग्विक हे आपले मूळ नाव परत घेतले.

अलास्काचा हा धडा भारताला लागू पडतो काय? भारतात तर स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीचा हंगामच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. हे योग्यच झाले. ज्या देशात संस्थानिक आणि गोरे साहेब यांनी शिकारीला दरबारी समारंभाचे रूप दिले होते, तेथे ही दारे बंद होणे आवश्यक होते. भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील शिलालेख त्या काळाची साक्ष आजही देतात. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारमेळाव्याने तेथे ४,२७३ पक्षी मारले. त्या संख्येची लाज वाटण्याऐवजी ती दगडावर कोरून ठेवण्यात आली! तेथील माजी संस्थानिकांचा शिकारीचा हक्क स्वातंत्र्यानंतरही १९७२ पर्यंत चालू होता.

पण त्याच भरतपुरात पुढे काय झाले, हेही विसरता कामा नये. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तेथील गुरचराई एकाएकी बंद करण्यात आली. आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे बळी गेले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या दशकात तेथे दीर्घकाळ अभ्यास केला. निष्कर्ष निघाला तो असा की, म्हशी पाण्यातले गवत खाऊन ते आटोक्यात ठेवीत होत्या. चराई थांबल्यावर गवताने तळी व्यापली आणि पाणपक्ष्यांचेच नुकसान झाले. व्हाइसरॉयच्या बंदुकीसाठी ज्या तळ्याची दारे उघडी होती ती गवळ्याच्या म्हशीला बंद झाली, आणि तीही पाखरांच्या नावाने! गावकऱ्यांना आधी विचारले असते तर माणसेही वाचली असती आणि तळीही.

याच्या उलट नागालँडमधील उदाहरण आहे. सायबेरिया व उत्तर चीनमधून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जाणारे अमूर ससाणे शरदात वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयावर उतरतात. २०१२ साली तेथे जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल होत असल्याचे उघड झाले. त्यांना संरक्षण देणारा कायदा चाळीस वर्षे अस्तित्वात होताच. त्याने एकही जाळे थांबले नव्हते. ते थांबले पांग्ती आणि आसपासच्या गावांच्या परिषदांनी स्वतः ठराव केल्यावर, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ साली, कत्तल बंद झाली. चर्च, ग्रामपरिषद, संरक्षक संस्था आणि वनखाते यांनी गावकऱ्यांशी बोलून जे साधले ते दंडुक्याला साधले नव्हते.

आणि महाराष्ट्रात? येथील फासेपारध्यांचा प्रश्न कोणाच्याही नजरेआड होण्यासारखा नाही. रानात फासे लावून तित्तर, लावे धरणे आणि त्यावर गुजराण करणे हा या जमातीचा परंपरागत व्यवसाय. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची पद्धत सुरू केली. १९५२ साली तो शिक्का पुसला गेला. पण वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि पोट भरण्याचे साधनच गुन्हा ठरले. पाखरे वाचली पाहिजेत, यात शंका नाही. परंतु ज्याचा फासा काढून घेतला त्याच्या हाती नांगर दिला का? जमीन दिली का? मुलांना शाळा आणि माणसांना काम दिले का? हे न करता केवळ बंदी घालणारे राज्य निसर्गाचे ऋण गरिबाच्या खात्यावर मांडते. कायद्याला अपवाद करताच येत नाहीत, असेही नाही. याच कायद्याच्या ६५ व्या कलमाने निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवले आहेत. म्हणजे विचार करण्याची इच्छा असली की कायद्यात जागा सापडते.

दुसऱ्या बाजूने, संरक्षणाची सारी भाषा शिकाऱ्याभोवतीच फिरत राहते, हाही एक सोयीचा डाव आहे. फासेपारध्याचा फासा दिसतो. खाडी बुजवून उभे राहणारे प्रकल्प, तळ्यांत सोडलेले कारखान्यांचे पाणी आणि खारफुटीवर चालणारी कुऱ्हाड दिसत नाही. पाखराला मारण्यासाठी बंदूकच लागते असे नाही. त्याचे पाणी काढून घेतले की पुरते. ज्या राज्यात एका तित्तरासाठी खटला होतो आणि संपूर्ण पाणथळ गिळली तरी ‘विकास’ म्हणून सत्कार होतो, तेथे कायद्याचा हेतू पक्षिरक्षण आहे असे कसे मानावे?

बॅरोच्या सत्याग्रहाचा अर्थ याच संदर्भात लावला पाहिजे. त्या १३८ माणसांनी कायदा नको असे म्हटले नव्हते. अटक करा, असे म्हणत ते कायद्यासमोर उभे राहिले. १९३० साली चिरनेरच्या जंगलात कोयते घेऊन गेलेल्या आगरी, कोळी, आदिवासी सत्याग्रहींचीही भूमिका हीच होती. जंगल नष्ट करण्यासाठी ते गेले नव्हते. जंगलाचे नियम आपल्याला वगळून होऊ नयेत, हे सांगण्यासाठी ते गेले होते. इंग्रज सरकारने त्याचे उत्तर गोळीने दिले. स्वतंत्र देशाच्या सरकारने तरी ते संवादाने द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम दुहेरी आहे. निसर्गावरील बंधने सैल करा, उद्योगांना मोकळे रान द्या, असा धोशा लावणाऱ्यांना निग्रहाने विरोध करावा लागेल. कारण मोकळ्या बाजाराने मार्थाचे काय केले, हे जगाने पाहिले आहे. त्याच वेळी, बंधने घालताना तळ्याकाठचा गवळी, खाडीतला कोळी, माळावरचा पारधी यांना मेजाभोवती मतासह जागा मिळालीच पाहिजे, हा आग्रह धरावा लागेल. अभयारण्याची हद्द आखली जात असेल तेथे ग्रामसभा भरवावी. चराई, मासेमारी किंवा फासे बंद होत असतील तेथे पर्यायी उपजीविकेचा हिशेब बंदीच्या आदेशाआधी मागावा. पाणथळ जागांची नोंद गावच्या दप्तरात होते की नाही, ते पाहावे.

दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी हजारो मैलांवरून पाखरे येतात आणि जायकवाडीच्या, उजनीच्या पाण्यावर उतरतात. ती कोणाची मालमत्ता नाहीत आणि कोणाच्या मेहेरबानीने येत नाहीत. पाणी शाबूत असले आणि काठावरच्या माणसाच्या मनात त्यांच्याविषयी वैर नसले, तर ती पुढच्या वर्षी पुन्हा येतील. या दोन्ही गोष्टी राखणे हेच खरे नियंत्रण आहे. आणि काठावरच्या माणसाला वगळून त्यांपैकी एकही राखता येणार नाही.